होतकरू पोरं देऊन तयार गडी कधी घ्यावा? (मरिनर्सच्या जखमेसकट)

बॉथेलकर

मंडळी, फराळाचे डबे संपले तरी आमच्या घरात ‘सातवी इनिंग’ हे शब्द उच्चारायला बंदी आहे. ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी: २० ऑक्टोबर २०२५, ऐन दिवाळीची संध्याकाळ, पूजेच्या पाटाशेजारी फोन उभा करून ठेवलेला. बेसबॉलच्या अमेरिकन लीगच्या अंतिम फेरीचा सातवा सामना, टोरोंटोत. आमचे सिॲटलचे मरिनर्स ३-१ ने पुढे. वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाची लढत, आठ आऊट दूर. जॉर्ज स्प्रिंगरने तीन धावांचा होम रन मारला, ४-३ झालं आणि खेळ खल्लास. तीस संघांत वर्ल्ड सिरीजचं तोंडही न पाहिलेला एकच संघ आहे, आणि आम्ही नेमकं त्याच्या गावात घर घेतलं.

पण धागा रडायला काढलेला नाही. विषय जुलैचा आहे.

जुलैत ट्रेडची (संघासंघांतल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची) मुदत संपायच्या आधी आपण ॲरिझोनाकडून दोन गडी घेतले. २४ तारखेला जॉश नेलर, दोन तरुण पिचर (आपल्या भाषेत गोलंदाज) देऊन. मुदतीच्या आदल्या रात्री एउहेनियो सुआरेझ, टायलर लॉकलियर आणि आणखी दोन पिचर देऊन. (हाच सुआरेझ आपण नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच ॲरिझोनाला एक राखीव कॅचर आणि एक पिचर घेऊन देऊन टाकला होता. जुनी सायकल भंगारात घालायची आणि दीड वर्षानं त्याच दुकानातून परत आणायची, तसं.) कोल्ट एमर्सनसारखी वरच्या फळीतली पोरं मात्र कुणालाच दिली नाहीत.

तेव्हापासून आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपात दोन तट पडलेत. एक म्हणतो, एमर्सनला देऊन खणखणीत रिलीव्हर (सामन्याच्या मधे बदली उतरणारा पिचर) आणला असता तर स्प्रिंगरसमोर तोच उभा असता. दुसरा म्हणतो, जे केलं ते बरोबर केलं.

मी दुसऱ्या तटात. माझं म्हणणं असं, की पोरं द्यावीत, जरूर द्यावीत, पण संघ आधीच स्वतःच्या पायावर उभा असेल आणि भोक कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येत असेल तरच. यंदा भोक फर्स्ट बेसला होतं. नेलर आला आणि ते बुजलं. शिवाय त्या गोलमटोल माणसानं आपल्याकडच्या दोन महिन्यांत १९ बेस चोरले (पिचर चेंडू टाकेपर्यंत पळून पुढचा बेस गाठणं). कुणाच्या स्वप्नात तरी होतं का?

उलट उदाहरणही आपलंच. २००७ साली मरिनर्सनी १६२ पैकी ८८ सामने जिंकले आणि सगळे हुरळले. पण त्या पूर्ण मोसमात काढलेल्या धावांपेक्षा दिलेल्या धावा जास्त होत्या. म्हणजे एकेका धावेनं जिंकायचं आणि हरताना सपाटून हरायचं. असा संघ खरा ८८ विजयांचा नसतो, त्या साली त्याचं नशीब ८८ चं असतं. हे न बघता फेब्रुवारी २००८ मध्ये बाल्टिमोरच्या एरिक बेडार्ड या पिचरसाठी पाच जण दिले. त्यात ॲडम जोन्स होता, क्रिस टिलमन होता. बेडार्ड दुखऱ्या खांद्यानं त्या मोसमात पंधरा सामने सुरू करू शकला, संघ १०१ सामने हरला, आणि जोन्स बाल्टिमोरला पाच वेळा ऑल-स्टार झाला.

बोला. शिव्या घातल्यात तरी चालेल, कारणासहित घाला.

तर्रीबाज

मी क्रिकेटवाला, इथे वाट चुकून आलो. दोन बाळबोध शंका. पोरं ‘देतात’ म्हणजे काय, ती काय गोठ्यात बांधलेली असतात? आणि सरळ पैसे टाकून खेळाडू का घेत नाहीत? आपल्या हार्दिकला नाही का मुंबईनं गुजरातकडून रोकडा मोजून परत आणलं?

बॉथेलकर

@तर्रीबाज, शंका बाळबोध नाहीत.

गोठाच समजा, पण मोठा. प्रत्येक संघाच्या हाताखाली खालच्या पायऱ्यांचे संघ असतात. आमच्याकडे ट्रिपल-ए म्हणजे टॅकोमा, त्याखाली डबल-ए आर्कान्सासला, हाय-ए घरापासून अर्ध्या तासावर एव्हरेटला. शाळा-कॉलेजातून ड्राफ्टमध्ये उचललेली, किंवा डोमिनिकन रिपब्लिक, व्हेनेझुएलातून सोळा-सतराव्या वर्षी करारबद्ध केलेली पोरं या पायऱ्या चढत येतात. बहुतेक मधेच गळतात. जो वर पोचतो तो साधारण सहा मोसम त्या संघाला बांधलेला असतो. पहिली तीनेक वर्षं किमान पगारावर (२०२५ मध्ये ७ लाख ६० हजार डॉलर), पुढची तीन वर्षं लवादानं ठरेल त्या पगारावर. मग तो मोकळा. आयपीएलमध्ये हे नाही, कारण रणजीची पोरं फ्रँचायझीच्या मालकीची नसतात, ती आपापल्या असोसिएशनची. त्यामुळे तिथे देवाणघेवाणीला नुसता पैसा किंवा दुसरा तयार खेळाडू.

पैशाचं म्हणाल तर तेही एकदा झालं होतं. जून १९७६ मध्ये ओकलंडचे मालक चार्ली फिनली यांनी व्हायडा ब्लू यांकीजना आणि जो रूडी, रॉली फिंगर्स बॉस्टनला विकायला काढले, एकूण ३५ लाख डॉलरला. कमिशनर बोवी कून यांनी ‘खेळाच्या हिताच्या विरुद्ध’ म्हणून सौदाच रद्द केला. तेव्हापासून थोडीफार रोख चालते, पण नुसती थैली उघडून तारा उचलणं होत नाही. म्हणून चलन काय, तर पोरं.

गणिती_गोम

धागा आवडला. थोडं थंड पाणी ओततो.

अशा चर्चेत नेहमी दोनच नावं निघतात, स्मोल्ट्झ आणि बॅगवेल, म्हणजे पोरवयात देऊन टाकलेले आणि पुढे दिग्गज ठरलेले दोघे. का? कारण फसलेले सौदे लक्षात राहतात. दिलेली पोरं कुठेच पोचली नाहीत असे सौदे कुणी मोजतच नाही.

२०१५ चं कॅन्सस सिटी घ्या. जॉनी क्वेटोसाठी सिनसिनाटीला तीन पिचर दिले: फिनेगन, लॅम्ब, रीड. तिघेही डावखुरे, तिघांचाही तेव्हा गवगवा. क्वेटोनं उरलेल्या मोसमात निराशाच केली, चार विजय, सात पराभव (सामन्याचा निकाल इथे पिचरच्या नावावरही लागतो). पण ऑक्टोबरात वर्ल्ड सिरीजच्या दुसऱ्या सामन्यात तो पूर्ण नऊ इनिंग टाकून गेला आणि मेट्सना फक्त दोन हिट दिल्या. तीस वर्षांनी कॅन्ससला चषक आला, क्वेटो हिवाळ्यात निघून गेला, आणि त्या तिघांपैकी एकाचंही सिनसिनाटीत बस्तान बसलं नाही. हा सौदा चुकला म्हणणारा मला अजून भेटायचाय.

बॅगवेलचंही पूर्ण सांगत नाहीत. ऑगस्ट १९९० ला बॉस्टननं लॅरी अँडरसन या रिलीव्हरसाठी तो ह्यूस्टनला दिला, बरोबर. पण बॅगवेल तेव्हा थर्ड बेसवर खेळायचा आणि बॉस्टनच्या थर्ड बेसवर वेड बॉग्ज बसलेला. घरात जागाच नव्हती. अँडरसननंही काम चोख केलं: २२ इनिंग, ईआरए १.२३. (तर्रीबाज, ईआरए म्हणजे दर नऊ इनिंगमागे पिचरनं दिलेल्या धावा. कमी तेवढी चांगली.) चूक पोरगा देण्यात नव्हती, त्याच्या बदल्यात महिनाभराचा रिलीव्हर घेण्यात होती. बॅगवेल पुढे एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू) झाला, ४४९ होम रन मारून हॉल ऑफ फेममध्ये गेला.

तेव्हा बॉथेलकर, तुमच्या ‘भोक दाखवा’ला माझी एक पुरवणी. घेतलेला माणूस किती दिवस आपला राहणार? दोन महिन्यांचा पाहुणा आणि तीन वर्षांचा घरजावई यांना एकच भाव देऊ नये. २०२२ ला आपण लुईस कास्तियोसाठी नोएल्वी मार्ते आणि एडविन अरोयो ही वरची पोरं दिली तेव्हा इथेच बोंब झाली होती. पण कास्तियो पुढच्या वर्षापर्यंत बांधलेला होता आणि दोन महिन्यांत त्यानं पाच वर्षांचा करारही केला. त्याच ऑक्टोबरात टोरोंटोत जाऊन त्यानं सात इनिंगहून जास्त एकही धाव दिली नाही. तेव्हा कुणी बोलला नाही.

अण्णा_मिशिगन

स्मोल्ट्झचं नाव काढलंत म्हणून लिहायला बसलो. टायपिंगच्या चुका पोटात घाला.

मी १९८४ ला डेट्रॉईटला नोकरीला आलो, त्याच साली टायगर्सनी वर्ल्ड सिरीज जिंकली. मला वाटलं हे असं दरवर्षी होतं.

१९८७ च्या ऑगस्टात आम्ही टोरोंटोच्या पाठलागावर होतो. (हो, टोरोंटोच. सगळ्यांच्या वाटेत तेच आडवे येतात.) पिचिंग कमी पडत होतं. १२ ऑगस्टला अटलांटाकडून डॉयल अलेक्झांडर आणला, छत्तीस वर्षांचा, रागीट चेहऱ्याचा माणूस. बदल्यात वीस वर्षांचा एक पोरगा दिला. पोरगा इथलाच, लॅन्सिंगचा, लहानपणापासून टायगर्सवेडा. डबल-एला त्याचं त्या मोसमात चार विजय, दहा पराभव आणि ईआरए ५.६८ असं चाललेलं. कुणाला काय वाटणार होतं?

अलेक्झांडर आमच्याकडे ९ सामने जिंकला, एकही हरला नाही. ईआरए १.५३. शेवटच्या शनिवार-रविवारी टोरोंटो आमच्या दारात आलं, आम्ही एका सामन्यानं मागे. शुक्रवारी मी गेलो होतो. टायगर स्टेडियममध्ये काही खुर्च्यांपुढे लोखंडी खांब यायचा, स्वस्तातलं तिकीट म्हणजे खांबामागचं. मान डावीकडे काढली की पिचर दिसे, उजवीकडे काढली की बॅटर. तीन तास मी नाही नाही म्हणावं तशी मान हलवत होतो. अलेक्झांडरच टाकत होता. ४-३ ने जिंकलो. शनिवारीही एका धावेनं. रविवारी फ्रँक टनाना १-० ने जिंकला, तो मी रेडिओवर ऐकला, अर्नी हारवेलच्या आवाजात, गाडी धुताना. बादली तशीच राहिली.

मग प्ले-ऑफला मिनेसोटानं पाचात लोळवलं. फक्त ८५ सामने जिंकलेला संघ! अलेक्झांडर दोनदा उतरला, दोन्ही वेळा हरला.

पुढचं तुम्हाला पाठ आहे. त्या पोराचे, म्हणजे स्मोल्ट्झचे, २१३ विजय, १५४ सेव्ह (आघाडी राखून संपवलेले सामने), साय यंग (मोसमातल्या सर्वोत्तम पिचरचा मान), २०१५ ला हॉल ऑफ फेम. आम्हाला पुढचा प्ले-ऑफ बघायला २००६ उजाडावं लागलं. मधे २००३ ला ११९ सामने हरलो.

पण बॉथेलकर, तुमच्या कसोटीला हा सौदा लावून बघा. संघ भक्कम होता, ९८ सामने जिंकला. भोक दिसत होतं. माणूस आणला त्यानं भोक बुजवलं. म्हणजे सौदा बरोबर? मग मला अडतीस वर्षं झोप का लागत नाही?

बॉथेलकर

अण्णा, दंडवत. याला माझ्याकडे उत्तर नाही, निदान आज नाही.

देवगडची_पेटी

तुम्ही सगळे आकडे लावताय, मला मात्र आमची बागच दिसते.

आमच्याकडे कलमं कराराने देतात. व्यापारी येतो, मोहोर बघतो आणि तेव्हाच भाव ठरतो. झाडावर आंबा एक नाही, नुसता मोहोर. व्यापाऱ्याला त्यात पेट्या दिसतात, बागायतदाराला तुडतुडे दिसतात, अवकाळी पाऊस दिसतो, गळ दिसते. दोघांपैकी एकाचा अंदाज चुकणारच. माझे आजोबा म्हणायचे, घरात लग्न असेल त्या वर्षी मोहोरावर द्यावी, नसेल त्या वर्षी थांबावं. वीस वर्षांचा पिचर म्हणजे मोहोर. अण्णांच्या टायगर्सच्या घरात त्या वर्षी लग्न होतं, दिली बाग. झोप न लागायला काय झालं?

गणिती_गोम

उपमा झकास, पण पायात काटा आहे. करार एका हंगामाचा. आंबे व्यापाऱ्याचे, कलम तुमचंच राहतं. पुढच्या वर्षी पुन्हा मोहोर येतो. ट्रेडमध्ये कलम मुळासकट उपटून दुसऱ्याच्या परड्यात जातं आणि सहा वर्षं तिथेच फळतं.

देवगडची_पेटी

ते खरं. पण कलम परड्यात रुजतंच असंही नाही हो.

पाद्रीबुवा

सॅन दिएगोहून नमस्कार. तुम्ही एमर्सन द्यावा की न द्यावा यावर तीन महिने खल करताय. आमचे जनरल मॅनेजर ए. जे. प्रेलर तेवढ्या वेळात तीन पोरं देऊन चार आणतात आणि त्यातली दोन पुढे पाठवतात.

ऑगस्ट २०२२ ला हुआन सोतोसाठी वॉशिंग्टनला एब्रम्स, गोर, हॅसल, वुड आणि सुसाना दिले, वर ल्यूक व्हॉइट. त्या वर्षी आम्ही १११ सामने जिंकलेल्या डॉजर्सना प्ले-ऑफमध्ये घरी पाठवलं. तुम्ही इथे नव्हतात, तुम्हाला कळणार नाही. मी गॅसलॅम्पच्या रस्त्यावर अनोळखी माणसाच्या गळ्यात पडून रडलोय. पुढची फेरी फिलाडेल्फियाशी हरलो. २०२३ ला जेमतेम ८२ विजय. डिसेंबरात सोतो यांकीजना देऊन टाकला, आणि तिकडून आलेल्यांपैकी ड्रू थॉर्प पुढे शिकागो व्हाइट सॉक्सना पाठवून डिलन सीज आणला. सीजनं जुलै २०२४ ला नो-हिटर (एकही हिट न देता पूर्ण सामना) टाकला. आता हिशोब कुठे बंद करायचा सांगा. एब्रम्स, गोर, वुड तिघेही वॉशिंग्टनकडून ऑल-स्टार झालेत, हे मान्य. पण एका टोकाला धरलेला सौदा दुसऱ्या टोकाला कधीच सुटत नाही, पुढे पुढे गाठी बसत जातात.

आणि तुमच्या ग्रुपातला पहिला तट ज्या ‘खणखणीत रिलीव्हर’विषयी बोलतोय, तो मेसन मिलर आमच्याकडेच आला. ३१ जुलै २०२५, मुदतीच्या दिवशी. लिओ डे व्ह्रीस दिला, अठरा वर्षांचा शॉर्टस्टॉप, बेसबॉलमधल्या पहिल्या मूठभर पोरांतला. मिलर ताशी १०४ मैलांनी टाकतो. प्ले-ऑफला शिकागो कब्जसमोर तीन सामन्यांत आमचा खेळ आटोपला, त्यात त्याची चूक काही नव्हती. रिलीव्हरला चेंडू मिळायला आधी आघाडी लागते. एवढं तुमच्या पहिल्या तटाला सांगा.

१९६९ पासून आमचाही चषक शून्य. तरी प्रेलरना हाकला म्हणणाऱ्यांत मी नाही. संध्याकाळी मैदान भरलेलं असतं.

शुभदा_एव्हरेट

मी इथे फक्त वाचते, पण ‘चलन काय, तर पोरं’ हे वाचून लिहावंसं वाटलं.

पूर्वी एव्हरेटच्या संघाची पोरं उन्हाळ्यात गावातल्या कुटुंबांकडे राहायची. (आता संघानंच राहायची सोय करायची असा नियम झालाय.) मुलगी कॉलेजला गेली, खोली रिकामी, म्हणून एका उन्हाळ्यात आम्ही एकाला ठेवलं. नाव लिहीत नाही. एकोणीस वर्षांचा, दक्षिणेकडच्या राज्यातला, ‘मॅम’ म्हटल्याशिवाय वाक्य पुरं न करणारा. रात्री साडेअकराला सामना संपवून यायचा आणि फ्रीज उघडून उभा राहायचा. पहिल्या आठवड्यात साबुदाण्याची खिचडी बघून हे काय प्रकरण म्हणाला, तिसऱ्या आठवड्यात पातेलं खरवडून खायला लागला. दाण्याचं कूट जास्त घाला म्हणून सांगायचा.

एका सकाळी तो फोनवर बोलत अंगणात गेला, अनवाणी. परत आला आणि म्हणाला, मॅम, मला दुसऱ्या संघात दिलंय, विमान दुपारी आहे. कुणाच्या बदल्यात, ते त्यालाही नीट कळलं नव्हतं. चाळीस मिनिटांत बॅग भरली. ड्रायरमधले कपडे ओलेच घेऊन गेला. मी डब्यात खिचडी दिली, ती विमानतळावरच्या तपासणीत उघडून बघितली म्हणे.

त्याला ज्याच्यासाठी दिलं तो गडी तेव्हा कसा खेळला मला आठवत नाही. मुलगा वरपर्यंत पोचला नाही. डबल-एला कोपर गेलं. आता आपल्या गावी विमा विकतो, नाताळला कार्ड येतं. दहा वर्षं वरच्या लीगमध्ये आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात काढली की खेळाडूला ट्रेड नाकारता येतो, असं त्यानंच मला सांगितलं होतं. ‘म्हणजे नाही म्हणायला आधी म्हातारं व्हावं लागतं’ असं काहीसं म्हणाला होता.

तुमचं चालू द्या.

तर्रीबाज

ताई, हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवतोय.

बॉथेलकर

शुभदाताई, ते वाक्य परत घेतो. एव्हरेटच्या कुंपणाशी मुलीनं एका पोराची चेंडूवर सही घेतली होती. तो जुलैत गेला. तिनं चेंडू फळीवरून खाली काढून बुटांच्या कपाटात ठेवलाय. मी विचारलेलं नाही.

अण्णांच्या प्रश्नावर दोन दिवस विचार केला. मग आपल्याच संघाची जुनी पापं काढून बसलो.

३१ जुलै १९९७. मरिनर्सकडे ग्रिफी, रँडी जॉन्सन, एडगर, ए-रॉड, सगळे एका संघात. लग्नघर नव्हे, लग्नांचा हॉल. भोक तर आंधळ्यालाही दिसावं असं: रिलीव्हर एकाहून एक फुटके. त्या दिवशी बॉस्टनकडून हीथक्लिफ स्लोकम आणला आणि दिले कोण, तर जेसन वॅरिटेक आणि डेरेक लो. स्लोकमचा बॉस्टनमधला ईआरए तेव्हा ५.७९ होता! म्हणजे माझ्या दोन्ही अटी पुऱ्या, आणि घेतला नासका माल. त्याच दिवशी होजे क्रूझ ज्युनियर टोरोंटोला देऊन (आता हसू नका) आणखी दोन रिलीव्हर आणले. बाल्टिमोरनं पहिल्याच फेरीत बाहेर काढलं.

त्याच्या आदल्या वर्षी डेव्ह हॉलिन्ससाठी मिनेसोटाला ‘नाव नंतर कळवू’ असा एक खेळाडू देणं होतं. नंतर कळवलेलं नाव डेव्हिड आरियास. पुढे तो ऑर्टिझ हे आडनाव लावायला लागला. मिनेसोटालाही तो ओळखता आला नाही, त्यांनी २००२ ला फुकट सोडला. २००४ ला बॉस्टननं चषकाविना गेलेल्या ८६ वर्षांचा शाप धुतला तेव्हा ऑर्टिझ, वॅरिटेक, लो तिघेही तिथे होते, आणि तीनही फेऱ्यांचे निर्णायक सामने लोच्या नावावर लागले. ते फटाके आपल्या पैशाचे होते.

आता उलटी बाजू. ३१ जुलै १९९८ ला आपण विकणारे होतो. रँडी जॉन्सन ह्यूस्टनला दिला आणि फ्रेडी गार्सिया, कार्लोस गियेन, जॉन हलामा अशी तीन पोरं घेतली. गावात मातम. जॉन्सन तिकडे १० जिंकला, १ हरला, ईआरए १.२८. ह्यूस्टनला आणखी काय हवं? तरी सॅन दिएगोनं त्यांना पहिल्या फेरीत उडवलं (पाद्रीबुवा, घ्या), जॉन्सन त्यातले दोन सामने हरला आणि हिवाळ्यात ॲरिझोनाला गेला. इकडे २००१ ला मरिनर्सनी ११६ सामने जिंकले, त्यात गार्सियाचे १८.

पण म्हणून तयार गडी देऊन घेतलेली पोरं नेहमी फळतात असंही नाही. २०१० ला क्लिफ ली हा पिचर टेक्ससला देऊन जस्टिन स्मोक घेतला. ली टेक्ससला वर्ल्ड सिरीजपर्यंत घेऊन गेला. स्मोक चार वर्षं आपल्याकडे चाचपडला, मग एका संघात गेला आणि २०१७ ला ३८ होम रन मारले. कुठला संघ ते लिहीत नाही.

तर अण्णा, माझी कसोटी अर्धवट होती, गोमनी सुचवलेली पुरवणी धरूनही. संघ भक्कम, भोक खरं, माल बरा, सगळं जुळलं तरी ऑक्टोबरात सात सामन्यांत काय होईल त्यावर कुणाचा ताबा नाही. जनरल मॅनेजर विकत काय घेतो, तर त्या सात सामन्यांत उतरण्याची जागा. एवढ्यापुरती किंमत मोजायची. माझ्या लेखी ती लॉकलियरएवढी आहे, एमर्सनएवढी नाही. स्लोकमएवढी तर कधीच नाही.

टँपाकर

छोटी भर. ‘नाव नंतर कळवू’वरून आठवलं. ३१ जुलै २०१८ ला पिट्सबर्गनं आमचा क्रिस आर्चर घेतला. दिले ग्लासनाऊ, मेडोज आणि एक नाव नंतर. ते नाव शेन बाझ. आम्ही २०२० ला ग्लासनाऊला घेऊन वर्ल्ड सिरीज खेळलो. त्या जुलैत पिट्सबर्ग जेमतेम शर्यतीत होतं. घरात लग्न नव्हतंच, कुणाच्या तरी वरातीत नाचून आले.

गणिती_गोम

@बॉथेलकर, ‘लॉकलियरएवढी’ हे मान्य, पण एक लक्षात घ्या. सुआरेझनं आपल्याकडे मोसमात .१८९ ची सरासरी काढली. सप्टेंबरात तुम्हीच त्याला शिव्या घालत होतात, स्क्रीनशॉट आहेत. मग टोरोंटोविरुद्धच्या त्या फेरीत, पाचव्या सामन्यात आठव्या इनिंगला त्याचा ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना होम रन, एका फटक्यात चार धावा) बसला आणि तुमची कसोटी तयार झाली.

बॉथेलकर

स्क्रीनशॉट काढून टाका. त्या ग्रँड स्लॅमला मी मैदानात होतो. शेजारच्या माणसाच्या हातातली भाजलेल्या नाकतोड्यांची वाटी (हो, आमच्याकडे विकतात) माझ्या डोक्यावर पालथी झाली आणि घरी येईपर्यंत मला कळलं नाही. बायकोनं कॉलरमधून एक काढला.

आणि नेलरनं नोव्हेंबरात पुन्हा आपल्याशीच पाच वर्षांचा करार केला, त्यामुळे पाहुण्याचा घरजावई झालाय. तेवढं माझ्या बाजूनं लिहून घ्या.

अण्णा, एकच विचारतो. आज कुणी येऊन म्हणालं, तो सौदा रद्द करतो, स्मोल्ट्झ परत घ्या, तर द्याल अलेक्झांडर?

अण्णा_मिशिगन

उशीर झाला, नातवाला सरावाला सोडायला गेलो होतो. तो शॉर्टस्टॉपला खेळतो, खांब नसलेल्या मैदानावर.

बायकोला विचारलं. ती म्हणाली, रविवारी तू ओल्या हातांनी घरात येऊन सोफा भिजवला होतास, तो डाग मी सात वर्षं उशीनं झाकला. द्यायचा असेल तर सोफ्याचे पैसे आधी दे.

तेव्हा राहू दे.